भौतिकशास्त्राच्या संज्ञा मराठीत आणताना: शब्द कसा निवडायचा आणि कसा टिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्राची व्याख्यानं इंग्रजीत ऐकणाऱ्या, पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांसाठी मराठी टिपणं तयार करायची आहेत. 'मोमेंट', 'मोमेंटम', 'पॉवर', 'चार्ज', 'फील्ड', 'रेडिएशन', 'कॉन्झर्वेशन' या शब्दांपाशी काम अडलं आहे. कोश उघडला की प्रत्येकाला दोन-तीन पर्याय मिळतात, सोबतचे शिक्षक म्हणतात सगळं इंग्रजीच राहू द्या, आणि यंत्राने केलेलं भाषांतर भलतंच काहीतरी देतं. मग शब्द घ्यायचा कुठला? आणि परीक्षेच्या दृष्टीने काय करायचं?

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. मराठीत शब्द कमी पडतात असं आपण सवयीने म्हणतो, पण शालेय आणि महाविद्यालयीन भौतिकशास्त्रापुरतं तरी ते खरं नाही. शब्द जास्त आहेत, आणि कुठला शब्द कुठल्या घराण्यातला हे वरून ओळखू येत नाही. 'फोर्स'ला बालभारतीची पुस्तकं बल म्हणतात, मराठी विश्वकोश प्रेरणा म्हणतो. 'ॲक्सिलरेशन' इकडे त्वरण, तिकडे प्रवेग. 'इनर्शिया' इकडे जडत्व, तिकडे निरूढी. 'फ्रीक्वेन्सी' इकडे वारंवारिता, तिकडे कंप्रता. 'रिफ्रॅक्शन'ची तर तिहेरी गंमत आहे: जुन्या शालेय पुस्तकांत वक्रीभवन, विश्वकोशात प्रणमन, आताच्या पुस्तकांत अपवर्तन. यातलं कुठलंच घराणं चुकीचं नाही. प्रत्येकात आतल्या आत मेळ आहे. बिघडतं ते सरमिसळ केल्यावर. पहिल्या पानावर बल, तिसऱ्या पानावर प्रेरणा आलं की मुलाला वाटतं या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि तो त्यांच्यातला फरक शोधत बसतो.

म्हणून पहिला निर्णय एकेका शब्दाचा करू नका, घराण्याचा करा. तुमचे वाचक दहावीपर्यंत बालभारतीची पुस्तकं वाचून आलेले आहेत. त्यांच्या तोंडी विस्थापन, वेग, त्वरण, बल, संवेग, वस्तुमान, विभवांतर, रोध, अपवर्तनांक हे शब्द आधीच बसलेले आहेत. तीच तुमची भांडवली रक्कम. जिथे शालेय शब्द संपतात (आणि अकरावीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच ते संपायला लागतात) तिथे विश्वकोशाकडे आणि भाषा संचालनालयाच्या भौतिकशास्त्र परिभाषा कोशाकडे जायचं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली निघाला, आणि त्यातली एक सवय आजही उचलण्यासारखी आहे: अवघड संज्ञेपाठोपाठ कंसात सोपा अर्थ देणं, जसं 'प्रारण (तरंगरूपी ऊर्जा)'. वाचकाला कोश उघडायला लावायचं नाही, हा त्यामागचा विचार.

वाचक बदलला की उत्तर बदलेल, हेही सांगून ठेवतो. मासिकातल्या लेखात 'फ्रीक्वेन्सी' चालून जाईल. कारखान्यातल्या कामगारांसाठी माहितीपत्रक असेल तर 'टॉर्क'ला दुसरं काही म्हणणं म्हणजे त्यांना गोंधळात टाकणं. इथे मी तुमच्या मुलांपुरतं बोलतो.

घराणं ठरल्यावरही पर्याय उरले, तर मी तीन गोष्टी तपासतो. एक, शब्दाला नातेवाईक होतात का, म्हणजे त्यापासून विशेषण आणि जोडशब्द तयार होतात का. दोन, त्याच प्रकरणात दुसऱ्या कुठल्या अर्थाने तो शब्द आधीच वापरात आहे का. तीन, त्याला विभक्ती लावून वाक्य मोठ्याने वाचलं तर जीभ अडखळते का. यातली पहिली कसोटी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे.

'रेझिस्टन्स' घ्या. इंग्रजीत तीन वेगळ्या गोष्टींना तीन शेपट्या आहेत: 'रेझिस्टन्स' हा त्या तारेचा गुणधर्म, 'रेझिस्टिव्हिटी' त्या पदार्थाचा गुणधर्म, आणि 'रेझिस्टर' म्हणजे दुकानात मिळणारा भाग. मराठीत रोध घेतला की रोधकता आपोआप मिळते. तांब्याची तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट लांबीची तार घेतली तर तिचा रोध दुप्पट होतो, पण तांब्याची रोधकता तीच राहते, साधारण १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. हे वाक्य मराठीत लख्ख उभं राहतं, कारण दोन शब्दांत नातंही दिसतं आणि फरकही. 'रेझिस्टर'ला मात्र मी मराठी शब्द शोधत नाही. वस्तूला बाजारातलं नाव ठेवावं, गुणधर्माला संज्ञा द्यावी. उष्णतेचंही तसंच. स्वतंत्र शब्द म्हणून उष्णता चांगलाच आहे, पण जोडशब्द करायची वेळ आली की उष्मा हाताशी लागतो: अप्रकट उष्मा, उष्माधारकता, विशिष्ट उष्माधारकता. दोन्ही शब्द वापरायचे असतील तर एकाच ठिकाणी सांगून टाका की उष्णता आणि उष्मा एकच.

आता तुमचे अडलेले शब्द.

'मोमेंट'पासून सुरुवात करू, कारण तिथे यंत्राचं पितळ सगळ्यांत लवकर उघडं पडतं. 'मोमेंट ऑफ इनर्शिया'चं 'जडत्वाचा क्षण' असं भाषांतर तुम्हालाही मिळालं असेल. इथल्या 'मोमेंट'चा वेळेशी काही संबंध नाही. एखादी राशी अक्षापासून किंवा बिंदूपासून किती दूर आहे यावर तिचा फिरवण्याचा परिणाम ठरतो. ते अंतर गुणून मोजलेला परिणाम म्हणजे 'मोमेंट'. मराठीत त्यासाठी परिबल हा शब्द आहे. बलाचं परिबल, द्विध्रुव परिबल, चुंबकीय परिबल अशी सगळी मालिका त्यातून लागते. विश्वकोश 'मोमेंट ऑफ इनर्शिया'ला निरूढी परिबल म्हणतो. तुमच्या मुलांना जडत्व माहीत आहे, म्हणून जडत्व परिबल लिहा. एक उणीव मात्र कबूल करायला हवी: परिबल या शब्दात बल दिसतं, आणि जडत्व परिबलात बल कुठेच नाही, ते वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग आहे. म्हणून पहिल्यांदा वापरताना एकक लिहाच, किलोग्रॅम-मीटर वर्ग. एकक पाहिलं की मुलगा स्वतःच ओळखतो की हे न्यूटनमध्ये मोजायचं प्रकरण नाही. 'टॉर्क' टॉर्कच ठेवा. गॅरेजपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडे तोच ऐकू येतो.

'मोमेंटम' म्हणजे संवेग, यात वाद नको. 'अँग्युलर मोमेंटम' कोनीय संवेग. 'इम्पल्स'ला आवेग घेतला तर संवेग, आवेग आणि वेग असे तीन भाऊ एका ओळीत येतात आणि समीकरण बोलतं: आवेग म्हणजे संवेगातला बदल. तिन्ही शब्द कानाला जवळचे असल्याने घाईत लिहिताना अदलाबदल होते, म्हणून छपाईआधी हे तीन शब्द शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून घाला.

'पॉवर'ला एकच मराठी शब्द शोधायचा हट्ट सोडा. इंग्रजीने एका शब्दावर पाच-सहा कामं लादली आहेत, मराठीने ती वाटून घेतली आहेत. दर सेकंदाला होणारं कार्य म्हणजे शक्ती, एकक वॅट. गणितातली 'पॉवर' म्हणजे घात. भिंगाची 'पॉवर' पुस्तकात भिंगाची शक्ती, एकक डायॉप्टर. चष्म्याच्या दुकानात तिलाच आपण नंबर म्हणतो, आणि टिपणात तसं एकदा लिहिलं तर मुलांना लगेच पटतं. 'रिझॉल्व्हिंग पॉवर' म्हणजे विभेदनक्षमता. 'पॉवर सप्लाय' वीजपुरवठा. 'न्यूक्लिअर पॉवर'ला मराठीत आपण अणुऊर्जा म्हणतो, तिथे तर 'पॉवर'ची थेट ऊर्जा झाली. हा शब्द रूढ आहे, तो बदलू नका, पण त्याच परिच्छेदात शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक शिकवायला जाऊ नका. तो फरक शिकवायचा तर शेतातला पंप घ्या. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ५ × ७४६, साधारण ३,७३० वॅट. ही शक्ती. तो दोन तास चालला की साधारण साडेसात युनिट वीज जाते. ही ऊर्जा, आणि एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूल. (पंपाची कार्यक्षमता धरली तर प्रत्यक्षात मीटरवर याहून जास्त दिसतं; टिपणात तेही सांगा, नाहीतर शेतकऱ्याचं पोर बिल आणून दाखवेल.)

दोन 'पॉवर' एकाच वाक्यात आल्या तर काय होतं ते स्टेफान-बोल्ट्झमन नियमात दिसतं. इंग्रजी वाक्याचा सांगाडा असा: 'पॉवर रेडिएटेड' ही 'फोर्थ पॉवर ऑफ ॲब्सोल्यूट टेम्परेचर'च्या प्रमाणात. यंत्र दोन्हीकडे शक्ती लिहितं आणि अर्थ बुडतो. मराठीत लिहायचं: 'कृष्ण पदार्थाच्या एकक क्षेत्रफळातून दर सेकंदाला बाहेर पडणारी प्रारण ऊर्जा त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते.' इथे मी शक्ती हा शब्दही टाळला आणि 'दर सेकंदाला ऊर्जा' असं उकलून लिहिलं, कारण घात शेजारी असताना वाचकाचं लक्ष एकाच नव्या गोष्टीवर राहावं. निरपेक्ष हा शब्द मात्र गाळून चालणार नाही. ३०० केल्विनचं ६०० केल्विन झालं तर प्रारण १६ पट होतं. तेच तापमान सेल्सिअसमध्ये २७ वरून ३२७ होतं, आणि 'निरपेक्ष' न वाचलेला मुलगा बारा पटीचा चौथा घात काढून बसतो. आणि 'अंश सेल्सिअस' म्हणायचं, पण 'अंश केल्विन' म्हणायचं नाही. १९६७ पासून नुसतं केल्विन.

'चार्ज' म्हणजे प्रभार. प्रभारित कण, धन प्रभार, ऋण प्रभार अशी रूपं सहज होतात. कार्यालयातल्या प्रभारी अधिकाऱ्याशी त्याची टक्कर होत नाही, कारण दोघं एका पानावर कधी भेटत नाहीत. मोबाइलची बॅटरी मात्र चार्जच होते.

'फील्ड' म्हणजे क्षेत्र, आणि इथे टक्कर खरी आहे. 'या क्षेत्रातील संशोधन', 'डोंगराळ क्षेत्र', 'चुंबकीय क्षेत्र', वर क्षेत्रफळ. उपाय सोपा: टिपणात क्षेत्र हा शब्द फक्त भौतिकशास्त्रातल्या अर्थासाठी राखून ठेवा. विषयाला शाखा म्हणा, जागेला भाग किंवा परिसर म्हणा. राखीव शब्दांची अशी एक छोटी यादी करावी लागते. माझ्या यादीत विशिष्ट हाही आहे. 'स्पेसिफिक हीट'मधला विशिष्ट म्हणजे 'एकक वस्तुमानामागे'. मग 'एका विशिष्ट तापमानाला पाणी उकळतं' असं आपण सहज लिहितो तेव्हा मुलाच्या डोक्यात दोन्ही विशिष्ट एकमेकांवर आदळतात. तिथे ठरावीक लिहा. 'नॉर्मल'चंही तेच. प्रकाशाच्या प्रकरणात 'नॉर्मल' म्हणजे स्तंभिका, पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा. 'नॉर्मल फोर्स'चं 'सामान्य बल' झालेलं दिसतं. तिथे पृष्ठभागाला लंब असणारं बल, म्हणजे लंब बल, असं लिहावं.

'कॉन्झर्वेशन'चं संवर्धन किंवा संरक्षण करू नका. ऊर्जा संवर्धन म्हणजे वीज वाचवणं, शाळेतल्या भित्तिपत्रकांवर तेच लिहिलेलं असतं. नियम वेगळंच सांगतो: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, रूप बदलते. त्यासाठी शालेय पुस्तकातला अक्षय्यता हा शब्द नेमका आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम. (आणि 'लॉ' म्हणजे इथे नियम, न्यूटनचा 'कायदा' झालेला पाहिला की भाषांतर यंत्राने केलंय हे लगेच कळतं.) 'कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स'साठी मी एका शब्दाच्या मागे लागत नाही. 'ज्या बलाने केलेलं कार्य फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेवर ठरतं, मधल्या वाटेवर ठरत नाही' असं एकदा लिहावं, आणि पुढे 'कॉन्झर्व्हेटिव्ह बल' ठेवावं. गुरुत्व बल तसं आहे, घर्षण बल नाही, ही दोन उदाहरणं सोबत असली की पुरे.

'रेडिएशन'ला सगळ्यांत जास्त जपावं लागतं. उष्णतेच्या प्रकरणात वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार मुलं शिकलेली असतात, म्हणजे प्रारण तयार आहे. अणुकेंद्रकातून बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी वर्तमानपत्रं किरणोत्सर्ग लिहितात, 'रेडिओॲक्टिव्हिटी'ला किरणोत्सारिता म्हणतात. केंद्रकाच्या प्रकरणात ते ठीक. पण मायक्रोवेव्ह किंवा मोबाइलच्या लहरींना किरणोत्सर्ग म्हटलं की वाचक लगेच अणुबॉम्बपर्यंत पोचतो. तिथे विद्युतचुंबकीय प्रारण. आणि विकिरण? हिंदीत विकिरण म्हणजे 'रेडिएशन'. मराठी शालेय पुस्तकांत विकिरण म्हणजे 'स्कॅटरिंग', आकाश निळं दिसण्याचं कारण. विश्वकोशात 'स्कॅटरिंग'ला प्रकीर्णन आहे, हिंदीतही तेच. एकच शब्द, दोन भाषांत दोन वेगळे अर्थ, आणि तुमची मुलं यूट्यूबवर हिंदी व्याख्यानंही ऐकतात. माझा सल्ला: प्रकरणाच्या सुरुवातीला 'दहावीपर्यंत ज्याला विकिरण म्हणत होतो त्याला आता प्रकीर्णन म्हणू' असं एक वाक्य टाका आणि नंतर विकिरण हा शब्द पूर्ण बंद करा. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांनी शोधलेला परिणाम मग रामन प्रकीर्णन म्हणून निःसंदिग्ध राहतो.

हिंदीवरून आठवलं, हा सापळा एकट्या विकिरणापुरता नाही. हिंदीतला परमाणु म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. हिंदीतून काही घेताना हे उलटं झालं तर रसायनशास्त्राचं अख्खं पान चुकतं. हिंदी आवृत्ति म्हणजे वारंवारिता. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते. हिंदी आवेश म्हणजे प्रभार. मराठीत आवेश भाषणात असतो. हिंदी ताप म्हणजे तापमान. मराठीत ताप आला की माणूस झोपतो. द्रव्यमान, आयतन, लेंस, उत्तल, अवतल हे शब्द मराठी टिपणात दिसले की समजावं, मजकूर हिंदीतून आला आहे. आपल्याकडे वस्तुमान, आकारमान, भिंग, बहिर्वक्र, अंतर्वक्र आहेत. यातला भिंग तर फारच देखणा शब्द आहे, तो हातचा घालवू नका.

टक्कर कुठे सोसायची आणि कुठे टाळायची याचा अंदाज यायला दुसऱ्या एका लहान भाषेकडे पाहणं उपयोगी पडतं. स्टेफान-बोल्ट्झमन नियमातला योझेफ स्टेफान मूळचा स्लोव्हेन. स्लोव्हेनियाची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास आहे, तरी तिथे भौतिकशास्त्र शाळेपासून विद्यापीठापर्यंत स्लोव्हेनियन भाषेत शिकवलं जातं. 'मोमेंटम'ला ते 'गिबाल्ना कोलिचिना' म्हणतात, शब्दशः गतीची राशी. 'अँग्युलर मोमेंटम' म्हणजे 'वर्तिल्ना कोलिचिना', फिरण्याची राशी. दोन्ही शब्दांत नातं दिसतं, आपल्या संवेग आणि कोनीय संवेगासारखंच. पण 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द, 'हित्रोस्त'. 'नापेतोस्त' म्हणजे विद्युत दाबही आणि पदार्थातला ताणही. तरी त्यांचं अडत नाही, कारण एकाच प्रकरणात हे दोन अर्थ सहसा भेटत नाहीत, आणि जिथे भेटतात तिथे ते शब्दापुढे विशेषण जोडतात.

आपल्या चाल आणि वेग या जोडीला हाच न्याय लावा. गतीच्या प्रकरणात कडक राहा: चाल अदिश (दिशा नसलेली राशी), वेग सदिश (दिशा असलेली). पण प्रकाशाच्या प्रकरणात 'प्रकाशाची चाल' लिहिण्याची सक्ती करू नका. मराठीत प्रकाशाचा वेगच म्हणतात, रस्त्यावर वेगमर्यादाच असते, आणि निर्वातात सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा दिशेशिवायच सांगायचा असतो. विद्युत दाबाचंही असंच. टिपणात विभवांतर लिहा, मीटरवरचं माप सांगताना व्होल्टेज म्हणा, आणि गावाबाहेरच्या तारांबद्दल बोलताना उच्चदाब वाहिनी. हवेच्या दाबाशी कुणी गल्लत करणार नाही.

आता 'सगळं इंग्रजीच ठेवा' या म्हणण्याकडे. त्यात तथ्य आहे. मुलं पुढे इंग्रजीच वाचणार आहेत. म्हणून प्रत्येक संज्ञा पहिल्यांदा येईल तिथे इंग्रजी नाव सोबत द्या, आणि प्रकरणाच्या शेवटी जोड्यांची यादी. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, लेसर, एंट्रॉपी, प्लाझ्मा आणि सगळी एककं तशीच ठेवा. विश्वकोशातला आयनद्रायू हा प्लाझ्मासाठीचा शब्द मला मनापासून आवडतो, कारण द्रव आणि वायू मिळून केलेला द्रायू हा 'फ्लुइड'साठी फार हुशारीने घडवलेला शब्द आहे. द्रायू जरूर वापरा. आयनद्रायू तुमच्या मुलांच्या कानावर पडणार नाही, तो सोडा.

पण इंग्रजी शब्द ठेवला म्हणून काम संपत नाही. मराठीत तो शब्द आला की त्याला लिंग द्यावं लागतं. तो फोर्स, ती एनर्जी, ते फील्ड. एका पानावर 'तो व्होल्टेज' आणि दुसऱ्यावर 'ते व्होल्टेज' असं झालं की वाचणारा अडखळतो. अनेकवचनाला इंग्रजी शेपूट नको: दोन इलेक्ट्रॉन, 'दोन इलेक्ट्रॉन्स' नव्हे. विशेषण कसं करणार हाही प्रश्न येतो. चुंबकाचं चुंबकीय होतं, 'मॅग्नेट'चं काय कराल? इंग्रजी शब्दांची खिचडी जास्त झाली की वाक्यातलं नातं सांगायला फक्त 'चा-ची-चे' उरतात आणि 'चार्जच्या फील्डच्या एनर्जीच्या डेन्सिटीचा' असे मालगाडीचे डबे तयार होतात.

वाक्यरचना हा संज्ञांइतकाच मोठा भाग आहे, आणि तिथे कोश मदत करत नाही. न्यूटनचा दुसरा नियम पाहा. शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं: 'वस्तूच्या संवेगाच्या परिवर्तनाचा दर हा वस्तूवर प्रयुक्त केल्या गेलेल्या बलाच्या समप्रमाणात असतो.' यात एकही संज्ञा चुकलेली नाही, तरी मुलगा तिसऱ्या शब्दाशी थांबतो. मोडून लिहा: 'वस्तूवर बल लावलं की तिचा संवेग बदलतो. हा बदल ज्या दराने होतो तो दर लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, आणि बदल बलाच्याच दिशेने होतो.' क्रियापद लवकर आलं, कारण आधी, परिणाम नंतर. 'बलाद्वारे कार्य केले जाते' याऐवजी 'बलामुळे कार्य घडतं'. आणि 'प्रति' कमी करा. गुरुत्व त्वरण '९.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद' असं एकदा लिहा, पण लगेच पुढे सांगा: पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटरने वाढतो.

प्रत्यक्ष काम करताना एक तक्ता ठेवा. भाषांतर सुरू करण्याआधी अख्खं प्रकरण वाचून संज्ञा काढायच्या. अकरावीच्या एका प्रकरणात पन्नासेक सहज निघतात. प्रत्येकीसमोर मराठी शब्द, एका ओळीची व्याख्या, एकक, नातेवाईक शब्द, आणि शेवटच्या रकान्यात 'हे वापरायचं नाही' अशी नोंद. हा शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. विकिरण, संवर्धन, द्रव्यमान, क्षण, प्रेरणा हे तिथे लिहिलेले असले की काम संपल्यावर एकेक शब्द शोधून चुका पकडता येतात. दोघं-तिघं मिळून भाषांतर करत असाल तर तक्त्यात बदल करायचा अधिकार एकाकडेच ठेवा.

शोधताना एक तांत्रिक अडचण येते, ती आधीच सांगतो. 'ॲम्पिअर'मधला 'ॲ' दोन प्रकारे टंकता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'अ' टंकून त्यावर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोध मात्र एकच पकडतो. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या र चंही तसंच. शिवाय उष्मा की ऊष्मा, वारंवारिता की वारंवारता हे आधी ठरवा. सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा आणि तक्त्यातूनच शब्द उचलून चिकटवावा, म्हणजे निम्मा त्रास वाचतो.

परीक्षेचं विचारलं आहे म्हणून शेवटी तेवढं. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. तेव्हा जोड्यांची यादी मुलांकडून दोन्ही बाजूंनी पाठ करून घ्या, मराठीवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी. आणि पहिलं प्रकरण छापण्याआधी वर्गातल्या दोन मुलांना ते मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण करा. संज्ञेवर थांबली तर व्याख्या अपुरी आहे, क्रियापदाच्या आधी थांबली तर वाक्य लांब आहे.